बेंबीभोवती खाज, लाली आणि पाझरणारं पाणी: कशामुळे असेल?

रावेरचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. एरवी शेतीच्या धाग्यांवर असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय. वय ३६, रावेर तालुका, केळीची शेती.

चैत्र लागला तशी बेंबीच्या खालच्या अंगाला खाज सुटायला लागली. आधी घामोळं वाटलं. मग जागा लाल झाली, बारीक पुटकुळ्या आल्या, त्या फुटून पाणी पाझरायला लागलं. सकाळी बनियन चिकटलेलं असतं आणि सोडवताना पिवळट खपली निघते. सुरुवातीला लिंबाएवढी जागा होती, आता तळहात ठेवला तर झाकत नाही. अलीकडे दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूलाही बारीक पुरळ उठलंय. जांघेतही खाज आहे, पण ती जुनी, दरसाल पावसाळ्यात येते-जाते.

गावातल्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. लावली की चार दिवसांत कातडी गुळगुळीत, बंद केली की दुप्पट. साखर कधी तपासलेली नाही. घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही.

इकडे पारा ४५ च्या खाली उतरायला तयार नाही, बागेचं पाणी आणि घड काढणं दोन्ही चालू, त्यामुळे जळगावला जाणं लांबतंय. आई म्हणते केळीचा चीक उतला. वांगी तर तिने घरात आणायचीच बंद केलीत. नेमकं काय असू शकतं?

शिरपूरी_झटका
भो, हाई गजकर्ण शे का खरूज शे, ते दखाडाशिवाय कसं समजी? डॉक्टरले दखाड आधी.

(आणि भरीत बंद? हा खरा आजार.)

आयुर्मित्र
रक्तातली उष्णता आहे. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुवा, बेंबीत रोज रात्री एरंडेल तेल. आमच्याकडे जुनी माणसं अशा जागेवर बिब्बा लावायची, मुळासकट जायचं.

तापीकाठ
आयुर्मित्र, कडुनिंबापर्यंत ठीक, पण पाझरत्या जागेवर बिब्बा सुचवू नका हो. बिब्बा उतणं काय असतं ते आमच्या घरात पाहिलंय. काकांनी गुडघेदुखीवर कुणाच्या तरी सांगण्यावरून लावला, दुसऱ्या दिवशी मांडीपर्यंत फोड, त्यातून पाणी, पाय सुजून धोतर नेसवेना. पायावरच्या हाताने चेहऱ्याला हात लावला असणार, कारण पापण्याही सुजल्या.

बिब्ब्याच्या टरफलातलं तेल म्हणजे चांगल्या कातडीलाही भाजून काढणारी चीज. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला हेच वापरायचे, आणि खूण कॉलरवर किंवा कमरेच्या पट्टीवर असेल तर बरोबर तेवढ्याच जागी मानेला नाहीतर कमरेला पाझरणारा चट्टा उठायचा. आंबा आणि काजू त्याच कुळातले, म्हणून आंबा चोखल्यावर काहींची ओठांची कड उतते.

रावेरकर, तुम्ही आंबे उतरवता का? पोटाशी टोपली धरून?

रावेरचा_बागायतदार
@तापीकाठ, आंब्याची बांधावर दोनच झाडं आहेत, ती मजूर उतरवतात. केळीचा चीक मात्र रोजचा. पण तो अंगाला लागतो तो हात, मान आणि खांद्याला. तिथे काहीच नाही.

कातडीचा_डॉक्टर
मूळचा चाळीसगावचा, सध्या नाशिकला त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. आधीच सांगतो, न बघता निदान करत नाही आणि औषधाचं नाव लिहिणार नाही. पण धागाकर्त्याने वर्णन इतकं नीट केलंय की काही गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

बागायतदार, तुमच्या शेवटच्या प्रतिसादात अर्धं काम झालं. चिकाने होत असेल तर जिथे चीक जास्त लागतो तिथे आधी व्हायला हवं. हाच नियम उलटा लावा: बेंबीच्या खाली, पोटाच्या मधोमध, रोज काय टेकतं?

१. पट्ट्याचं बक्कल? जीन्सचं धातूचं बटण?
२. करदोडा घालता का? दोऱ्याचा की धातूचा? कधीपासून?
३. आरशासमोर उभं राहून बघा, चट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कमरेकडे जाणारी पुसट रेघ आहे का.
४. जांघेतल्या खाजेला गोल कड आहे का? म्हणजे कडेला उठावदार, पापुद्रे आणि मध्ये साफ?
५. पूर्वी कधी घड्याळ, चष्म्याची काडी, गळ्यातली साखळी यांनी खाज आली होती?
६. खाज रात्री पांघरुणात शिरल्यावर अचानक वाढते का?
७. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय? नाव इथे नको, आतले घटक सांगा.

तोवर ट्यूब बंद. पाझरतंय तोपर्यंत त्यावर पावडर, हळद, तेल, काही थापू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती फडकं भिजवून, हलकं पिळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीनदा. जागा सुकायला लागली की थांबायचं. डेटॉलसारखं जंतुनाशक तसंच्या तसं तर मुळीच नाही, त्याने भाजलेली माणसं दर महिन्याला येतात.

वांग्याचा यात काही दोष दिसत नाही. आईंना सांगा.

अमळनेरची_सून
डॉक्टरांचा सहावा प्रश्न फार महत्त्वाचा. मी परिचारिका आहे, आधी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळांच्या तपासणीला जायचे. खरूज म्हटलं की लोकांना बोटांच्या बेचक्याच आठवतात. पण खरजेच्या किड्याला बेंबीचा घेर, कंबर, काखेची कड, मनगट, बायकांत स्तनांखाली आणि पुरुषांत जननेंद्रिय या जागा तितक्याच आवडतात. मुलांचे सदरे वर केले की बेंबीभोवती खाजवून ओरबाडलेले, पू धरलेले दाणे दिसायचे.

ओळखायची साधी खूण: घरात किंवा खोलीत एकापेक्षा जास्त जण खाजवतात आणि रात्री झोपू देत नाही. उपचारही सगळ्या घराने एकाच दिवशी करायचा, खाज असो वा नसो. मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीच्या आतसुद्धा, आणि डॉक्टर सांगतील तसा आठवड्याने पुन्हा एक हात. लोक काय करतात, जिथे खाज तिथेच लावतात आणि महिन्याने परत येतात. मलम लागू पडल्यावरही दोन-तीन आठवडे खाज रेंगाळते, तेवढ्यावरून औषध फुकट गेलं समजू नये.

दादांच्या घरात दुसऱ्या कुणालाच नाही, त्यामुळे मला खरूज वाटत नाही. तरी बेचक्या बघून घ्या.

रावेरचा_बागायतदार
डॉक्टरसाहेब, उत्तरं देतो.

करदोडा आहे. लहानपणापासून काळा दोरा होता. या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला गेलो होतो, तिथे एका पथारीवरून पांढऱ्या धातूचा साखळीचा करदोडा घेतला. विकणारा चांदी म्हणाला नव्हता, ‘जर्मनची आहे, काळी पडत नाही’ म्हणाला. त्याचा आकडा मी पुढेच अडकवतो, बेंबीच्या बोटभर खाली. अंगावरून काढत नाही.

तुमचं वाचून आरशासमोर उभा राहिलो. रेघ आहे. डाव्या बाजूला हाडापर्यंत जाते, तपकिरी, साखळीच्या कड्यांचे ठिपके ठिपके दिसतात. इतके दिवस लक्षच नव्हतं, सगळा जीव पुढच्या चट्ट्यात.

कॉलेजात असताना स्टीलच्या घड्याळाने मनगटाला खाज यायची म्हणून घड्याळ सोडलंय ते आजतागायत. जांघेत गोल कड आहे, अगदी तुम्ही लिहिली तशी. रात्रीची वेगळी अशी खाज नाही, घाम आला की वाढते.

ट्यूबवर चार नावं आहेत: क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडिन.

शिरपूरी_झटका
एका ट्यूबमा चार औषधं? मिसळपाव शे का काय!

कातडीचा_डॉक्टर
आता चित्र बरंच उघड झालं. तपासणी बाकी आहे हे धरून चालू.

जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण, साधारण ६० टक्के तांबं, बाकीच्यात निकेल आणि जस्त जवळपास निम्मंनिम्मं. चकाकतं, काळं पडत नाही, स्वस्त पडतं. आणि धातूंच्या ॲलर्जीत निकेल जगभर पहिल्या नंबरावर. जीन्सचं बटण, पट्ट्याचं बक्कल, इमिटेशनचे कानातले, घड्याळाचा मागचा पत्रा, सगळीकडे तेच. बेंबीखालचा हट्टी चट्टा दिसला की आम्ही आधी पट्टा सोडायला लावतो.

‘डिसेंबरात घेतला, मग चैत्रापर्यंत का नाही झालं?’ हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. कोरड्या थंडीत धातू कातडीवर नुसता पडून असतो. घाम आला की घामातलं मीठ आणि आम्ल निकेल विरघळवतात आणि ते कातडीत शिरतं. शिवाय ही ॲलर्जी विषासारखी लगेच झोंबत नाही. शरीराची ओळख आधी झालेली असावी लागते, तुमची बहुधा त्या घड्याळापाशी झाली. एकदा ओळख पटली की जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी संपर्कानंतर साधारण एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं. कारण आणि परिणाम यात असं अंतर पडतं म्हणून माणसाला धातूवर संशय येत नाही, आदल्या दिवशीच्या वांग्यावर येतो.

कोपरांचं पुरळ: एका जागी इसब जोरात पेटला की लांबच्या, धातू न लागलेल्या जागीही पुरळ उठू शकतं. पसरलेली लागण असेल म्हणून घाबरू नका, पण डॉक्टरांना ते दाखवा.

जांघेतला प्रकार मात्र वेगळा वाटतो. ती गोल कड गजकर्णाची. म्हणजे तुम्हाला दोन दुखणी शेजारी शेजारी असण्याची शक्यता आहे आणि एका ट्यूबने दोन्हींवर पांघरूण घातलं. क्लोबेटासॉल हे अत्यंत कडक स्टेरॉइड. ते सूज आणि लाली दाबतं म्हणून चार दिवसांत गुळगुळीत वाटतं, पण बुरशीला त्याने मोकळं रान मिळतं. कड पुसट होते, नाहीतर रिंगणात रिंगण येतं, आणि मग बघणाऱ्या डॉक्टरलाही ओळखायला त्रास. जांघेसारख्या पातळ कातडीवर लावत राहिलं तर कातडी फाटल्यासारखे कायमचे पट्टे पडतात ते वेगळेच. त्यातल्या निओमायसिनचीही अनेकांना ॲलर्जी असते, म्हणजे औषधानेच पाझर वाढायचा.

२०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. गल्ल्यावर काय होतं ते तुम्ही जाणताच. आणि आपल्याकडचं गजकर्ण आता पूर्वीसारखं दोन आठवड्यांत जाणारं राहिलेलं नाही. नेहमीच्या गोळीला दाद न देणारी जी बुरशी पसरली तिला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. देशाच्या नावाची बुरशी, अभिमान बाळगावा अशी गोष्ट नव्हे.

करदोडा आजच काढा.

गुरुजी_रसायन
भुसावळला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. डॉक्टरसाहेबांच्या प्रतिसादाला पुरवणी.

निकेल आहे की नाही ते बघायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बीएस्सीला ज्यांनी निकेलचं वजनी मापन केलंय त्यांना डायमिथाइल ग्लायऑक्झाइम आठवेल, अमोनियात टाकलं की भांड्यात गुलाबी-लाल चोथा बसतो तेच. कापसाच्या बोळ्यावर त्याचे दोन थेंब, अमोनियाचे दोन थेंब, आणि धातूवर अर्धा मिनिट घासायचं. बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतंय. दागिन्याला काही होत नाही.

युरोपात १९९४ च्या निर्देशाने अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटायला बंदी आणली. किती निकेल आहे याला बंदी नाही, किती सुटतं याला आहे. म्हणूनच चांगलं स्टेनलेस स्टील, निकेल असूनही, बहुतेकांना चालतं, आणि पथारीवरची साखळी नाही.

बागायतदार, साखळी पाठवा, बघून सांगतो.

कापूसकोंड्या
वाचनखूण साठवली. माझा प्रश्न जरा बाजूचा. आमची आई पारोळा तालुक्यात शेतात जाते, वय साठीच्या पुढे. कापूस वेचताना कमरेला ओटीचं फडकं बांधते, त्याच्या खाली परकराचा नाडा, तोही करकचून, कारण वाकून काम. कमरेभोवती काळी रिंगणासारखी पट्टी आहे वर्षानुवर्षं, पापुद्रे निघतात, खाजते. बेंबीच्या डावीकडे, जिथे गाठ येते, तिथे एक जागा मात्र दिवाळीपासून ओली आहे. ती म्हणते नाडा घासतो, होईल बरी.

कातडीचा_डॉक्टर
@कापूसकोंड्या, तुमचा प्रश्न बाजूचा नाही, मला तर तो या धाग्यातला सगळ्यात तातडीचा वाटतो.

काळी पट्टी आणि पापुद्रे हे घासण्याने आणि घामाने होतं, ते बहुतेक साडी नेसणाऱ्या बायकांत दिसतं. त्यावर उपाय सोपा: नाड्याऐवजी रुंद पट्टी किंवा सैल इलॅस्टिक, गाठीची जागा बदलत राहणं, घरी आल्यावर परकर सैल सोडणं. पण एकाच जागी महिनोनमहिने न भरणारी जखम ही वेगळी गोष्ट आहे. सतत घासून घासून तिथे कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. धोतर आणि साडी नेसणाऱ्यांतला हा प्रकार आपल्याकडच्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदवलाय. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाड्याखाली असा व्रण झालेल्या दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. हे विरळा आहे, आणि आईंना तेच असेल असं मी म्हणत नाही. पण दिवाळी ते मे म्हणजे फार झालं. व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासतात, जागा बधिर करून, तासाभरात घरी. धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात याच आठवड्यात दाखवा.

फवारणीनंतर लगेच वेचणी असेल तर ओटीचं फडकं रोज धुवायला सांगा, त्यात औषधाचे अंश घामाबरोबर पोटाला लागत राहतात.

कापूसकोंड्या
सोमवारी धुळ्याला नेतो. आईला ‘साखर तपासायची आहे’ एवढंच सांगणार, नाहीतर येणार नाही.

अमळनेरची_सून
साखर खरंच तपासून घ्या, दोघांचीही. खोल बेंबी, सुटलेलं पोट, घाम आणि वाढलेली साखर जमली की बेंबीच्या घडीत कँडिडा नावाची बुरशी बसते. ती लालभडक, ओलसर दिसते, मोठ्या चट्ट्याभोवती बारीक बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या, आणि आंबूस वास. आमच्या ओपीडीत कितीतरी जणांचा मधुमेह असा बेंबीतूनच पहिल्यांदा सापडला.

आणि बेंबी धुवा हो! वरवर पाणी जातं, आतला मळ कुणी काढत नाही. केसाळ पोटाच्या पुरुषांत मळ, केस, पावडर यांचा खडा होतो आत, काळा, दगडासारखा. तो अडकून सडायला लागला की पाणी, वास, लाली. चिमट्याने किंवा डोक्याच्या पिनेने उकरायला मात्र जाऊ नये, तेल घालून मऊ करून डॉक्टर काढतात.

नवी_आई_धुळे
सगळं वाचतेय. सातवा महिना चालू आहे. पोटाच्या ताणलेल्या पट्ट्यांवर खाजरं पुरळ आलंय, बेंबी सोडून. जाऊबाई म्हणतात गर्मी. विचारायचं का डॉक्टरांना?

कातडीचा_डॉक्टर
विचाराच. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत पोटाच्या पट्ट्यांवर खाजरं पुरळ येतं, ते सहसा बेंबी वगळतं आणि बाळंतपणानंतर जातं, बाळाला धोका नसतो. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. पण बेंबीपासूनच सुरू झालं, आणि लाल चकत्यांवर पाण्याने टरारलेले मोठे फोड आले, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यात बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी होण्याची शक्यता असते, आणि त्वचारोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून बघावं लागतं. पुरळ नसताना नुसते तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर लिव्हरची रक्ततपासणी करायला सांगतील, तेही अंगावर काढू नका.

नवी_आई_धुळे
फोड नाहीत, तळहातही नाहीत. उद्याच तपासणीची तारीख आहे, दाखवते. आणि बाळाच्या बेंबीवर गॅससाठी हिंगाचा लेप लावतात तो चालतो का? आमच्याकडे आतापासून चर्चा चालू आहे.

अमळनेरची_सून
नाळ पडून जागा पूर्ण सुकेपर्यंत काहीही नको. हिंग नको, तेल नको, राख नको, लसूण तर नकोच, कच्च्या लसणाने कातडी भाजते. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. तान्ह्याच्या बेंबीभोवती लाली पसरत चालली, पू, वास, ताप किंवा बाळ दूध ओढेनासं झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. नाळ पडल्यावर लाल, ओला, वाटाण्याएवढा मांसाचा कोंब राहिला तर दाखवून घ्यायचा, बहुतेक वेळा किरकोळ असतो.

बारशाच्या करदोड्याबद्दल आता वेगळं सांगायला नको!

तापीकाठ
एक राहिलं, नागीण. आमच्या भागात बेंबीजवळ पाण्याचे फोड म्हटलं की आधी नागिणीचंच नाव निघतं. ‘दोन्ही टोकं मिळाली की माणूस जातो’ म्हणतात आणि गेरू लावून मंत्र टाकणाऱ्याकडे नेतात.

कातडीचा_डॉक्टर
बेंबीच्या पातळीवर मणक्यातून निघणारी एक नस पाठीपासून पुढे येते, कांजिण्यांचा जुना विषाणू त्या नसेतून उठला की पोटाच्या एकाच बाजूला पट्टा येतो आणि मध्यरेषेपाशी थांबतो. टोकं मिळण्याचा प्रश्न त्यामुळे सहसा येत नाही, आणि मिळाली तरी माणूस त्याने जात नाही. ओळखायची खूण म्हणजे खाजेपेक्षा आग आणि ठणका, तोही फोडांच्या दोन-तीन दिवस आधी. औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी. त्यातले दोन दिवस मंत्रात जातात हीच खरी अडचण.

बागायतदारांच्या वर्णनात ठणका नाही आणि चट्टा दोन्ही बाजूंना आहे, म्हणून मी ते सुरुवातीलाच बाजूला ठेवलं होतं.

जाता जाता, बेंबीच्या आतूनच पाणी येत असेल, भोवतालची कातडी चांगली असेल, तर तो कातडीचा प्रश्न राहत नाही. लघवीच्या पिशवीशी जन्माआधी असलेली वाट उघडी राहिली तर तिथून स्वच्छ पाणी येतं. बाईला दर महिन्याला पाळीच्या दिवसांत बेंबीत गाठ सुजून रक्त येत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तिथे असू शकतो. बेंबीत कडक, न दुखणारी गाठ वाढत असेल तर पोटाची सोनोग्राफी. हे सर्जनचं काम.

आयुर्मित्र
बिब्ब्याबद्दलचं वाचलं. आमच्याकडे तो शोधन करून वापरतात, पण घरगुती लावू नये हे मान्य. कडुनिंबावर मात्र मी ठाम आहे.

रावेरचा_बागायतदार
मंडळी, हजेरी लावतो. करदोडा त्याच रात्री काढला. पट्टा बदलून नाडीची पँट घालतोय. ओल्या फडक्याने दोन-तीन दिवसांत पाणी बंद झालं. मग जळगावला जाऊन आलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही जागा ब्लेडच्या बोथट कडेने खरवडून काचेवर घेतल्या, वर औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. जांघेच्या काचेवर बुरशीचे धागे निघाले, मलाही दाखवले, बांबूच्या पेरांसारखे. बेंबीच्या काचेवर काही नाही. म्हणजे दोन दुखणी, डॉक्टरसाहेब इथे म्हणाले तसंच. जांघेसाठी गोळी आणि मलम, चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटं लावायचं आणि बरं दिसलं तरी त्यांनी सांगितल्याशिवाय थांबायचं नाही. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात उलटे करून वाळवायचे. बेंबीसाठी सौम्य मलम थोडे दिवस. साखर नॉर्मल.

पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जीची चाचणी करायची होती, पण त्या म्हणाल्या आता या उकाड्यात पट्ट्या घामाने सुटतील आणि पुरळ पेटलेलं असताना निकाल फसवा येतो, दिवाळीनंतर या. ४८ तास पट्ट्या ठेवून मग दोनदा बघतात, तेवढे दिवस पाठीला पाणी नाही.

आईने वांगी आणायला परवानगी दिलीय.

गुरुजी_रसायन
साखळी मिळाली. कड्यांवर बोळा फिक्कट गुलाबी. पुढच्या आकड्यावर घासला तर थेट डाळिंबी. आकड्याची चकाकी घासून गेलीय आणि आतला धातू उघडा पडलाय, म्हणून चट्टा मध्यभागी मोठा आणि बाजूला नुसती रेघ.

शिरपूरी_झटका
गुरुजी, नखपॉलिश लाईसन चाली का? मना जीन्सना बटननी बी हाईच गत शे.

कातडीचा_डॉक्टर
दोन-चार दिवस चालतं, मग घामाने आणि घासण्याने तडकतं आणि फटीतून निकेल सुटतं. बटणाच्या आतून जाड सुती कापडाचा दुहेरी तुकडा शिवून घ्या आणि बनियन आत खोचा. त्याहून बरं, शिंप्याकडून प्लॅस्टिकचं बटण.

रावेरचा_बागायतदार
शेवटचं विचारतो. घरचे म्हणतात करदोड्याशिवाय कंबर मोकळी बरी दिसत नाही, सोनाराकडून खरी चांदी करून घे. चालेल?

कातडीचा_डॉक्टर
चट्टा पूर्ण जाईपर्यंत काळा दोरा. नंतर चांदी बहुतेकांना चालते, ९२.५ च्या चांदीत उरलेलं सहसा तांबं असतं. पण साखळी चांदीची आणि आकडा, स्प्रिंग दुसऱ्याच धातूची, असं सर्रास असतं. सोनाराला आकड्याचं वेगळं विचारा.

गुरुजी_रसायन
करून झाला की अंगावर चढवण्याआधी घेऊन या. आकडा, स्प्रिंग आणि डाग देऊन जोडलेली जागा, तिन्हींवर वेगवेगळे बोळे घासू. रविवारी दुपारपर्यंत मी लॅबमध्येच असतो.

कापूसकोंड्या
आईचा तुकडा काढलाय, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. परकराला रुंद पट्टी मात्र तिने स्वतःच बसवली, आता शेजारणींच्याही शिवून देतेय.